अतिसार : निदान आधी, स्तंभन नंतर

पावसाळा आला की कॉटन ग्रीन, शिवडी, लालबाग परिसरातील चिकित्सालयांत ‘जुलाब’ ही तक्रार नित्याची होते. परंतु प्रत्येक द्रवमलप्रवृत्ती हा एकच व्याधी नव्हे. तीन दोषज व सान्निपातिक या चार प्रकारांपुढे चरकाचार्य भयज व शोकज, तर सुश्रुताचार्य शोकज व आमज अतिसार सांगतात. कुंथून, थोडाथोडा, सकफ मल पडतो ती प्रवाहिका. कधी बद्ध, कधी द्रव असे दीर्घकाळ चालते तो ग्रहणीदोष. दुर्गंधी, पाण्यात बुडणारा मल आमाचा सूचक. तेथे घाईने स्तंभन देणे म्हणजे दोष कोंडणे होय. प्रथम लंघन-पाचनच हवे.

मात्र लंघन म्हणजे जलत्याग नव्हे. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजच्या द्रावणाने पटकीचे मृत्युप्रमाण घटवून दाखविले. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब, खोल गेलेले डोळे, मूत्राल्पता दिसताच जलसंजीवनी सुरू करून रुग्णास कस्तुरबासारख्या रुग्णालयात पाठविण्यात वैद्याला कमीपणा नाही. मलात रक्त आहे काय, १४ दिवस उलटले काय, हे न विचारता औषधपत्र लिहिण्यात मात्र तो निश्चितच आहे.