सायकलची फ्रेम : पोलादी कीं कार्बनची?

विद्यार्थिवर्गांत हल्लीं कार्बनच्या सायकलीचें मोठें आकर्षण दिसून येतें. ती हलकी, हें निर्विवाद. कार्बन-तंतू व राळ यांच्या मिश्रद्रव्याची घनता पोलादाच्या सुमारें एकपंचमांश असते. १९८६ सालीं ग्रेग लेमंड यांनीं तसल्याच फ्रेमची सायकल चालवून टूर द फ्रान्स जिंकली. शर्यतींत उतरणाऱ्यानें ती खुशाल घ्यावी. परंतु ज्या मुलास वडिलांच्या मिळकतींतून एकच सायकल मिळावयाची, त्यानें पोलादी मागावी, असें आमचें स्पष्ट मत आहे. फ्रेममध्यें वांचलेलें किलोभर वजन दप्तरांतच भरून निघतें!

पोलाद धक्क्यानें बहुधा वाकतें, व वाकलेलें डोळ्यांस दिसतें. कार्बनचे आंतले थर मात्र वरचा रंग शाबूत असतांही सुटलेले असूं शकतात, आणि अशी फ्रेम पुढें भर वेगांत एकाएकीं तुटण्याचें भय असतें. तिची दुरुस्ती होते. पण जाणता कारागीर शोधावा लागतो. साध्या पोलादी फ्रेमचा सांधा तालुक्याच्या गांवचा वेल्डिंगवालाही जोडून देतो.

पोलाद गंजतें, हा आक्षेप खरा. कोंकणच्या पावसांत तर फारच. गंज पुष्कळदां नळीच्या आंतून चढतो. यास्तव सायकल भिजल्यास सीटचा दांडा काढून ती उलटी करावी व सांचलेलें पाणी काढून टाकावें.