धरलेला पंप

दिवाळी झाली, नदीचं पाणी उतरलं, की आमच्या वर्कशॉपच्या दारात टेम्पो उभे राहू लागतात. घटप्रभा, हिरण्यकेशी, मार्कंडेय, मलप्रभा या नद्यांच्या काठावरचे पंप पावसाळाभर बंद असतात. रब्बीच्या पाण्यासाठी शेतकरी बटण दाबतो आणि मोटार नुसतीच घुमते, फिरत काही नाही. मग कुणी सांगतं, ‘पंप धरलाय बघा.’ कुणी म्हणतं, ‘पंप हिडकोंडैत्री.’ दोन्ही भाषांत क्रियापद एकच आहे, धरणं. आमच्या कामाची सुरुवातही याच प्रश्नानं होते. धरलंय कुणी आणि कुठं?

वाचकहो, पहिली गोष्ट म्हणजे पुन्हा पुन्हा बटण दाबू नये. अडकलेली मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. इंपेलर, म्हणजे पाणी फेकणारा आतला पंखा, सुटायच्या आधीच वाइंडिंग जळतं आणि एका दुरुस्तीच्या दोन होतात.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. हल्ली बहुतेक पंपांना ऑटो स्टार्टर असतो. थ्री फेज आली की पंप आपोआप सुरू होतो. आपला हात केसिंगमध्ये आहे की नाही, हे त्याला कळत नाही. म्हणून नुसतं ‘लाइट गेलीय’ यावर विसंबू नये. मेन स्विच पाडावा, किटकॅट फ्यूज काढावेत आणि स्वतःच्या खिशात ठेवावेत. शेडच्या कोनाड्यात ठेवले तर घरातलंच कुणी चांगल्या मनानं परत बसवतं. पंप सोडवताना घरचे दोघं-तिघं जमलेले असतात, तेव्हा ही काळजी घ्यायलाच हवी.

आता धरण्याच्या जागा. त्या तीन असतात. पहिली इंपेलरच्या कडेला. तिथं इंपेलर आणि केसिंगमधलं कडं यांत केसभर फट असते. त्या फटीत पुराचा गाळ सुकतो, गंज चढतो, एखादा खडा अडकतो. दुसरी जागा पुढचा नट. तिसरी शाफ्ट आणि इंपेलरच्या भोकामधली. लोखंडापेक्षा गंजाला जास्त जागा लागते. त्यामुळं सहज सरकणारा इंपेलर गंजला की पाचर ठोकल्यासारखा घट्ट होतो.

केसिंग उघडून इंपेलर हातानं फिरवून बघावा. शाफ्टसकट फिरत असेल तर पहिली जागा मोकळी आहे. नट सोडवताना केसिंगवरचा बाण पाहावा. चालताना आपोआप आवळत राहतील असेच आटे साधारणपणे काढलेले असतात. म्हणून पंप ज्या दिशेनं फिरतो, त्याच दिशेनं नट सुटतो. लहान पंपांत इंपेलरच आट्यांवर बसवलेला असतो, तिथंही हाच नियम. दुरुस्तीनंतर थ्री फेजच्या दोन वायरी उलट जोडल्या गेल्या तर असा इंपेलर चालता चालता ढिला होतो, तोही याच कारणानं.

गेल्या वर्षी हुक्केरीकडचे बापलेक पंप घेऊन आले होते. टोमॅटोची रोपं नुकतीच लावलेली. नट सुटला, पण इंपेलर शाफ्टवर घट्ट. मुलगा तरणाताठा, रोपांच्या काळजीनं कासावीस झालेला. मला म्हणाला, ‘मामा, रोपं वाळूलालेत. मागनं एक घण घालू काय?’

मी त्याला विचारलं, ‘घरात बिडाचा तवा आहे नव्हं? हातातनं पडला तर काय होतंय?’

तो हसला. बिडाचा तवा वाकत नाही, फुटतो. कन्नडमध्येही त्याला ‘बीडु कब्बिण’च म्हणतात. आपल्या पंपांचे बरेच इंपेलर याच बिडाचे. ते दाब सोसतात, पण कडेवर एक घाव बसला की पाकळी तुटते किंवा तडा जातो. तडा दिसला नाही तरी फिरताना तोल जातो आणि बेअरिंग खलास होतं. आणि त्याच मापाचा इंपेलर गावात मिळाला नाही, तर रोपांचे आणखी चार दिवस गेले.

त्याचे वडील बाकावर बसून ऐकत होते. तेवढंच म्हणाले, ‘ताळिदवनु बाळियानु.’ ज्यानं दम धरला, तो तरला. त्या संध्याकाळी त्यांनी शेजाऱ्याचं डिझेल इंजिन मागून रोपांना पाणी दिलं आणि पंप माझ्याकडे रात्रभर राहिला.

रात्रभर म्हणजे तेल मुरायला. तारेच्या ब्रशनं शाफ्टचं टोक आणि हबची कड साफ करायची. गंज सोडवणारं तेल किंवा रॉकेल सोडायचं, हलकेच टिचक्या मारायच्या, तासाभरानं पुन्हा सोडायचं. सकाळी पुलर लावायचा, पण त्याचे पाय इंपेलरच्या पातळ कडेला अडकवायचे नाहीत. ते मधल्या जाड हबच्या मागं लागले पाहिजेत. काही इंपेलरच्या हबला यासाठीच आट्यांची दोन भोकं असतात, ती गाळानं बुजलेली असतात, शोधावी लागतात. पुलरचा स्क्रू आवळायचा, थांबायचं, स्क्रूच्या डोक्यावर हलका ठोका द्यायचा, परत थोडं आवळायचं.

एवढ्यानं नाही सुटलं, तर ऊब. तीस मिलिमीटरच्या भोकाला शंभर अंश जास्त उष्णता दिली, तर ते मिलिमीटरचा तीन शतांश भाग मोठं होतं. ऐकायला काहीच नाही, पण गंजाची पकड ढिली व्हायला तेवढं पुष्कळ असतं. मात्र त्याआधी रॉकेल पूर्ण पुसून काढावं, नाहीतर भडका उडतो. पाणी कोंडलेल्या बंद केसिंगला कधीही ज्योत दाखवू नये, आतली वाफ लोखंड फोडते. मागचं रबरी सील या उष्णतेत जातं, ते नवीन घालायचं हे धरूनच चालावं. त्या पंपाचा इंपेलर सकाळी ऊब लागल्यावर ‘टक्’ असा आवाज करून सुटला. अख्खा सुटला आणि तोच परत बसला.

सुट्टीत मुलांना गोव्याला नेलंत, तर किनाऱ्यावरची वॉटर स्कूटर नीट बघा. तीही इंपेलरवरच चालते, पाणी पोटाखालून ओढते आणि मागं फेकते. न्यूझीलंडच्या उथळ नद्यांसाठी बिल हॅमिल्टन यांनी १९५० च्या दशकात अशी जेट बोट घडवली. १९७७ मध्ये एडमंड हिलरी गंगासागरहून गंगेतून वर गेले, तेही जेट बोटीनंच. तिथंही दुखणं हेच. नदीतला खडा इंपेलर आणि कड्यात चेपतो, खाऱ्या पाण्यानं स्टीलचा शाफ्ट आणि अॅल्युमिनियमचं घर एकमेकांना धरतात. काहींचा इंपेलर खाचांच्या शाफ्टवर असतो, काहींचा आट्यांवर. आट्यांवरचा सोडवायला हबच्या आत बसणारं खास हत्यार लागतं. पण तेल, वेळ आणि बरोबर जागी ओढ, हा क्रम तिथंही चुकत नाही.

परत बसवताना शाफ्ट पॉलिश पेपरनं साफ करावा, चावीच्या कडांची कुसं घासावीत आणि ग्रीसचा पातळ हात फिरवावा. हे ग्रीस पुढच्या वेळी सोडवणाऱ्यासाठी असतं. बटण दाबण्याआधी शाफ्ट हातानं एक फेरा फिरवावा. पावसाळ्याआधी पंप काठावरून वर आणावा, खालचा ड्रेन प्लग काढून पाणी सोडून द्यावं आणि पंधरा दिवसांतून एकदा, फ्यूज काढलेले असताना, हातानं फिरवावा. हे काम घरातलं कुणीही करू शकतं. फूटव्हॉल्व्हची जाळी फाटली असेल, तर तीही आताच बदला. खडे तिथूनच आत येतात.