जिंतूरखाली लाव्हा नाही, महाराज

10 जुलै 2024 ला सकाळी सव्वासातच्या सुमारास हिंगोली, परभणी आणि नांदेड हे तिन्ही जिल्हे हादरले. तीव्रता 4.5, केंद्र हिंगोली जिल्ह्यात. त्याच साली 21 मार्चलाही पहाटे असाच धक्का बसून गेला होता. जमीन हलली ती काही सेकंद. अकला मात्र पुढे आठवडाभर हलत राहिल्या. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या जिंतुरात बसस्टँडच्या हॉटेलापासून व्हॉट्सअॅपच्या ग्रुपापर्यंत एकच सिद्धांत: खाली लाव्हा भरलाय, त्याला वाट मिळंना, म्हणून तो धडका देतोय. कुणी म्हणे, बोअर मारून मारून जमिनीची चाळणी केली, आता वाफ निघणार. एकानं कुठल्यातरी परदेशी ज्वालामुखीचा व्हिडिओ टाकला, खाली ओळ होती ‘मराठवाड्याच्या पोटात’, आणि त्याला हात जोडलेल्या इमोज्यांची रांग लागली.

हे सांगणारे अडाणी असते तर मी गप्प बसलो असतो. यातले निम्मे बीएड झालेले होते.

दोष कुठून सुरू होतो ते मी पाहिलेलं आहे. शाळेचं विज्ञान प्रदर्शन, टेबलावर थर्माकोलचा अर्धा कापलेला गोळा. वरून निळा रंग, त्याखाली बोटभर तपकिरी पट्टा, आणि मग आत सगळीकडं पोस्टर कलरचा भडक लालजर्द चिखल, मधोमध पिवळा बल्ब पेटवलेला. पोरगं पाठ केलेलं म्हणून दाखवतं, ‘सर, कवचाच्या खाली वितळलेला खडक असतो.’ परीक्षक मान डोलावतात आणि पहिला नंबर देतात. आठवीच्या भूगोलात ‘पृथ्वीचे अंतरंग’ नावाचा धडा आहे. तो कुणी सावकाश वाचत नाही. वाचतात ते गाइड, आणि त्यातलं ‘एका वाक्यात उत्तरे लिहा’.

मग मीही सोप्या भाषेत लिहितो. आपल्या पायाखाली साधारण 35-40 किलोमीटर कवच. त्याखाली 2900 किलोमीटर खोलीपर्यंत प्रावरण, आणि हे प्रावरण घन आहे. दगड आहे. तापलेला, शेंदूर फासल्यासारखा लाल असेल, पण दगडच. कुणी आत जाऊन पाहिलं नाही हे खरं, पण भूकंपाच्या लाटा आत जाऊन आल्या आहेत. त्यातली एक जात, दुय्यम लाटांची, द्रवातून जाऊच शकत नाही. ती प्रावरणातून बिनबोभाट आरपार जाते. तिथं लाव्ह्याचा समुद्र असता तर ती अडली असती. ती अडते ते खाली, 2900 किलोमीटरवर, जिथं बाह्य गाभा सुरू होतो. तिथं खरंच द्रव आहे. पण तो लाव्हा नव्हे, मुख्यतः लोखंड आहे, आणि होकायंत्राची सुई त्याच्याच कृपेनं उत्तरेकडं वळते. त्याच्याही आत, 5150 किलोमीटरच्या खाली, पुन्हा घन गाभा. इंगे लेमान या डॅनिश बाईंनी तो 1936 साली लाटांच्या नोंदींतून हुडकला. तिथं तापमान पाच हजार अंशांच्या वर आणि तरीही घन, कारण दाब इतका की वितळायला जागाच नाही. ‘जितकं खोल तितकं पातळ’ हे आपलं गणित इथंच तोंडघशी पडतं.

आणि हे शोध काही नुसते लंडन-पॅरिसचे नाहीत. 12 जून 1897 ला आसामात प्रचंड भूकंप झाला. त्याचा अभ्यास केला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या रिचर्ड ओल्डहॅमनं. त्या नोंदींतून त्यानं लाटांच्या जाती वेगळ्या केल्या आणि 1906 साली पृथ्वीला गाभा आहे हे दाखवलं. आपल्याच देशाच्या भूकंपानं जगाला पृथ्वीचं पोट दाखवलं आणि आपण शंभरावर वर्षांनी थर्माकोलला लाल रंग फासतोय!

आता उष्णता. इथं आमच्या शिकवणीचं दिवाळं आणखी वाजतं. वहन, अभिसरण, प्रारण ही तीन नावं पोरांना पाठ असतात. पातेलं, उकळतं पाणी आणि सूर्य ही तीन चित्रंही. पुढं काही नाही. अहो, वहन किती सुस्त असतं ते दाखवायला प्रयोगशाळा कशाला लागते? जिंतूर तालुक्यातली कुठलीही चाळीस फुटांची विहीर बघा. मे महिन्यात वर 43 अंश, माळावरचा पाषाण हात लावू देत नाही, आणि विहिरीत उतरलेला माणूस वर यायला तयार नसतो. डिसेंबरात त्याच विहिरीचं पाणी अंगावर घेतलं तर कोमट लागतं. पाणी वर्षभर साधारण तेच असतं. आपलं अंग बदलतं. अख्खा उन्हाळा दगडातून चाळीस फूटसुद्धा खाली पोचत नाही. याच चालीनं ढोबळ हिशेब केला तर पृथ्वी जन्मल्यापासूनच्या साडेचार अब्ज वर्षांत उष्णता नुसत्या वहनानं चारेकशे किलोमीटर सरकली असती. प्रावरण आहे 2900 किलोमीटरचं.

म्हणजे आतली उष्णता बाहेर येते कशी? दगड स्वतःच तिला घेऊन चालतो. घन असून वाहतो. वर्षाला काही सेंटिमीटर, म्हणजे नखं वाढतात त्या वेगानं. खालचा तापलेला खडक हळूहळू वर सरकतो, वरचा थंड झालेला खाली बुडतो. यातली मेख मोठमोठ्यांना उमगली नव्हती. लॉर्ड केल्विननं 1862 साली पृथ्वी नुसत्या वहनानं थंड होतेय असं धरून तिचं वय 2 ते 40 कोटी वर्षं काढलं. त्याचाच एकेकाळचा सहायक जॉन पेरी 1895 साली म्हणाला, आत हालचाल धरली तर हे गणित कोसळतं. त्याला कुणी विचारलं नाही. मोठ्या माणसाचं चुकतं कसं? ही सवय फक्त आपल्याकडची नाही, एवढंच समाधान. त्यात आत युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम यांच्या किरणोत्सारानं नवी उष्णता तयार होतच असते. बाहेर पडणाऱ्या उष्णतेतला जवळपास निम्मा वाटा तिचा.

‘यंदा ऊन एवढं का? जमिनीच्या आतली आग वर येतेय’, असं मला एका शिकलेल्या माणसानं ऐकवलं. त्यांच्याच शेताचा हिशेब मांडू. एका एकरातून पृथ्वीच्या पोटातली जेवढी उष्णता बाहेर पडते ती फार तर अडीचशे वॉट, म्हणजे छताचे तीन पंखे. त्याच एकरावर उन्हाळ्यात भर दुपारी सूर्य ओततो ती चाळीस लाख वॉटच्या घरात. आता ठरवा, घाम कुणामुळं येतोय. चारशे फुटांच्या बोअरनं चाळणी होते म्हणणाऱ्यांनाही हेच सांगणं: तेवढ्या खोलीला तापमान वाढतं तीनेक अंश. रशियातल्या कोला इथं 12,262 मीटर भोक पाडलं, तरी ते कवचातच राहिलं. आपली बोअरची गाडी पाणी काढू शकत नाही तिथं लाव्हा काय काढणार!

हां, लाव्हा इथं होता. नेमगिरीच्या टेकडीवर, चारठाण्याच्या देवळांत, जिथं बघाल तिथं तोच दगड आहे. विहीर खणताना क्रमानं काळी माती, मुरूम, मांजऱ्या, पाषाण आणि मधूनच तांबड्या मातीचा पट्टा लागतो. हा पट्टा म्हणजे एक लाव्हा थंड होऊन, झिजून, त्याची माती व्हायला लागल्यावर वरून दुसरा आला त्याची खूण. तेव्हाही खाली लाव्ह्याचा समुद्र नव्हताच. तापलेला घन खडक खोलातून वर सरकला, वरचा दाब कमी झाला आणि त्यातला थोडा भाग तेवढ्यानं वितळला. हे झालं सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी. ती चूल आता हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी आजही पेटतो. आपण भारतीय भूपट्ट्यासकट हजारो किलोमीटर उत्तरेला निघून आलो. म्हणजे जिंतुरात ज्वालामुखीची वाट बघणारे साडेसहा कोटी वर्षं उशिरा स्टँडवर आलेले आहेत. किनवटजवळच्या उनकेश्वरचं गरम पाणी दाखवून कुणी घाबरवू नये. भेगांतून खोल उतरलेलं पाणी तिथल्या नेहमीच्या उष्णतेनं तापून वर येतं, इतकंच.

मग मी एवढा का तडकतोय? चुकीच्या चित्रानं कुणाचं काय बिघडतं? 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र उलटताना, किल्लारीत काय झालं ते आठवा. भूकंप 6.2 तीव्रतेचा, उथळ. उत्तरेकडं रेटणाऱ्या भूपट्ट्यात साठलेला ताण एका जुन्या कमकुवत जागी मोकळा झाला. नंतर राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेनं तिथं भोक पाडलं तेव्हा लागला 338 मीटर काळा पाषाण आणि त्याखाली जुना ग्रॅनाइट. लाव्ह्याचा थेंब नाही. हजारो माणसं मेली ती गोल दगडांच्या, मातीत बसवलेल्या जाड भिंतींखाली आणि माळवदाच्या मणामणाच्या मातीखाली. आणि त्या वेळच्या नकाशात किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होती!

जिंतूरच्या जुन्या गल्ल्यांत फिरा. तीच भिंत, तेच माळवद; दर पावसाळ्याआधी गळती नको म्हणून वर आणखी चार घमेली माती. भिंतीच्या दोन तोंडांना बांधणारा आरपार दगड नाही, कोपऱ्यांना धरणारी पट्टी नाही. धक्का बसल्यावर लोक त्याच भिंतीला टेकून लाव्ह्याची चर्चा करतात. लाव्ह्यापुढं कुणाचं काही चालत नाही, त्यामुळं काही करावंही लागत नाही. भिंतीचं मात्र मिस्त्री बोलावून करता येतं, आणि खर्च येतो. म्हणून सगळ्यांना लाव्हा बरा वाटतो. ग्रामपंचायतीला, नगरपालिकेला, घरमालकाला, आणि दुसऱ्या दिवशी ‘भूगर्भातील गूढ’ छापणाऱ्यांनाही.

नवी घरं तरी धड आहेत का? दारा-खिडक्यांच्या वरून चारही भिंतींना सलग फिरणारी सळईची काँक्रीट पट्टी, एवढंच मागणं असतं. मालक मिस्त्रीला म्हणतो, ‘फक्त चौकटीपुरती घ्या, उगं खर्च कशाला.’ आणि त्याच घराच्या दर्शनी भिंतीला पुढच्या महिन्यात चकचकीत टाइल्स लागतात, वर स्टीलची अक्षरं: ‘मातृछाया’.