सिस्टरची सुट्टी आणि विक्रेत्याचे बिल

भाद्रपद सरता सरता यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवरील फवारणी ऐन भरात येते. अशा दिवसांत दुकानांची शटरे खाली ओढण्याच्या वेळी एखाद्या मोहल्ल्यात हाकाटी होते, की फवारणीहून परतलेला मजूर अंगणात कोसळला आहे. जवळचा दवाखाना बंद झालेला असतो. मग कुणीतरी गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या सिस्टरकडे धावते. दिवसभराची ड्युटी आटोपून ती नुकतीच घरी आलेली असते. तिच्याजवळ ना ऑक्सिजन, ना सलाईन, ना औषध लिहून देण्याचा अधिकार. तरीही ती पायांत चपला सरकवून निघते.

२०१७ सालचा पावसाळा ज्यांना आठवतो त्यांना यात अतिशयोक्ती वाटणार नाही. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर वाढली होती. उंच झाडांवर मारलेला फवारा चेहऱ्यावर आणि उघड्या अंगावर परत येत होता, आणि एकाच पंपात दोन-तीन कीटकनाशके मिसळण्याची रीत रूढ झाली होती. जुलै ते ऑक्टोबर या काळात शेकडो शेतकरी व शेतमजूर रुग्णालयांत दाखल झाले, त्यांपैकी वीसच्या आसपास दगावले. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे नाव तेव्हा देशभरच्या वृत्तपत्रांत झळकले, आणि राज्य शासनाला विशेष तपास पथक नेमावे लागले.

अशा रुग्णाला भोवतालचे लोक बहुधा ऊन लागले असे समजतात. कांदा हुंगवतात, दूध पाजतात. सिस्टर येताच प्रथम डोळ्यांकडे पाहते. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक झालेल्या, तोंडाला लाळ, अंगाला दरदरून घाम, स्नायू फडफडणारे आणि श्वास घरघरणारा, हे सारे एकत्र दिसले की विषबाधेचा संशय बळावतो. ती कुणाला तरी १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावयास सांगते. हातमोजे नसतील तर प्लॅस्टिकच्या पिशव्या हातांत चढवते, कारण हे विष त्वचेतूनही शिरते. रुग्णाचे भिजलेले कपडे उतरवून ती अंग, केस आणि नखांच्या कडा साबणाने व भरपूर पाण्याने धुवून काढते आणि त्याला डाव्या कुशीवर निजवते. ओकारी काढू देत नाही, दूध-तूप तर मुळीच पाजू देत नाही. दिसायला हे साधे काम आहे, पण गर्दी जमलेली, घरची माणसे रडत असलेली आणि जो तो आपला उपाय सुचवीत असलेला, अशा वेळी ते पार पाडणे सोपे नसते.

मग ती विचारते, ‘कोणते औषध मारले होते?’ (आपल्याकडे विषालाही औषधच म्हणतात.) मजुराला ते ठाऊक नसते आणि डबा धुऱ्यावर राहिलेला असतो. इथे व्यापारी घराचा संबंध येतो. ऑरगॅनोफॉस्फरस गटातील विषावर ॲट्रोपीन हा उतारा आहे, अन्य अनेक कीटकनाशकांना उताराच नाही, म्हणून नेमके नाव कळणे रुग्णालयातील डॉक्टरांच्या दृष्टीने फार मोलाचे असते. ते नाव कृषी केंद्राच्या बिलबुकात लिहिलेले असते. प्रत्येक डब्यावर विषाची तीव्रता दाखविणारा लाल, पिवळा, निळा वा हिरवा त्रिकोण असतो, आणि विषबाधेची लक्षणे व उतारा छापणेही नियमाने बंधनकारक आहे. तोच डबा दुकानाच्या फळीवर असतो. रात्री नऊ वाजता दुकान उघडून त्याच्या लेबलाचे छायाचित्र मोबाईलवर पाठवायला दहा मिनिटे पुरतात.

पुष्कळदा ते घडत नाही. विषबाधेची नोंद पोलिसांकडे जाते, म्हणून विक्रेता धास्तावतो आणि बिल सापडत नाही असे सांगतो. हा हिशेब चुकीचा आहे. परवाना असलेल्या, पक्के बिल देणाऱ्या दुकानदाराचे रक्षण तेच बिल करते. अडचणीत येतो तो बिलाशिवाय विकणारा, किंवा तोंडी सल्ल्यावर मिश्रणे करून देणारा. आणि शेतकरी कोणते औषध किती घालावे हे अधिकाऱ्यापेक्षा विक्रेत्यालाच अधिक विचारतो, ही जबाबदारी नाकारता येण्याजोगी नाही.

सिस्टरच्याही मनात भीती असतेच. उद्या रुग्ण दगावला तर बोट आपल्याकडेच दाखविले जाईल काय? मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेले कलम १३४ अ मदतकर्त्याला संरक्षण देते, पण ते रस्त्यावरील अपघातापुरते आहे. अंगणातील प्रसंगासाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३० उपयोगी पडते. स्वतः संमती देण्याच्या स्थितीत नसलेल्या माणसाच्या भल्यासाठी सद्भावनेने केलेली कृती गुन्हा ठरत नाही, असा त्याचा आशय आहे. पूर्वी हीच तरतूद दंड संहितेच्या कलम ९२ मध्ये होती. मात्र शेजाऱ्यांनीही मर्यादा ओळखावी. तिला ‘एक इंजेक्शन देऊन टाका’ असा आग्रह करू नये. तो तिचा अधिकार नव्हे, आणि नकार दिला म्हणून ती निष्ठुर ठरत नाही.

रुग्णवाहिका आली की ती सोबतच्या माणसाच्या हाती एक चिठ्ठी देते. कोसळल्याची वेळ, दिसलेली लक्षणे, कीटकनाशकाचे नाव. गाडी वळणावरून दिसेनाशी होते आणि गर्दी पांगते. तिच्या साडीवरही तेच विष उडालेले असते. तिला ताबडतोब कपडे बदलून साबणाने अंघोळ करावी लागते, आणि ते कपडे घरच्या धुण्यात न मिसळता वेगळे धुवावे लागतात. शेजारच्या घरातून तेवढ्या वेळात बादलीभर पाणी तापवून तिच्या दारात ठेवता येते. सकाळी आठला तिची पुन्हा ड्युटी असते.