जुनी द्यावी की ठेवावी?

दिवाळी आली, की घरातल्या जुन्या वस्तूंचे ग्रह फिरतात. यंदा नगरच्या आमच्या एका स्नेह्यांकडे पाळी आली ती थेट मोटारसायकलीवर. १९९४ साली घेतलेली बुलेट देऊन दूरच्या प्रवासाची नवी हिमालयन घ्यावी की नाही, यावर घरात दोन तट पडले.

वाचकहो, नगरात हा प्रश्न साधा नव्हे. सरकारने लष्करासाठी विलायतेतून बुलेट मागवल्या आणि १९५५ पासून त्या मद्रासेत जुळवल्या जाऊ लागल्या. नगर तर रणगाडा दलाचे गाव! बुलेट नुसत्या आवाजावरून ओळखणारी माणसे इथे गल्लोगल्ली सापडतात.

स्नेही बासष्ट वर्षांचे. "हिच्यावरून मुलीला शाळेत सोडले, आजारी वडिलांना दवाखान्यात नेले," ही त्यांची बाजू. मुलगी आता पुण्यात नोकरीला आहे. ती म्हणते, "बाबा, तुम्ही आणि आई हिच्यावरून भंडारदऱ्याला निघालात, की माझा जीव टांगणीला लागतो."

राहुरी, लोणी, संगमनेर, अकोले, राजूर असा तो दीडशे किलोमीटरांच्या घरातला रस्ता; पुढे वळणे आणि पावसाळ्यात धुके. जुन्या बुलेटला ड्रम ब्रेक, चार गिअर आणि अठराच्या आसपास अश्वशक्ती. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या हिमालयनला ४५२ सीसीचे, पाण्याने थंड राहणारे इंजिन, सहा गिअर, चाळीस अश्वशक्ती आणि घाईत ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी एबीएस. मात्र तिचे वजन १९६ किलो आणि बैठकही उंच. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या मोटारसायकलींवर जीएसटी ४० टक्के.

पैशापेक्षा मोठी गोष्ट पायांची. त्या जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाशी आणि मागचा ब्रेक डाव्या पायाशी. नवीत नेमके उलट. तीस वर्षे मुरलेली सवय ऐन वळणावर जागी झाली, तर ब्रेकऐवजी गिअर दाबला जायचा. म्हणजे सुरक्षित म्हणून घेतलेली गाडी पहिला महिनाभर तरी अधिक जपून चालवायला हवी. दोन्ही गाड्या आलटून पालटून चालवल्या, तर पायांचा गोंधळ कायमचाच.

शेवटी वहिनी बोलल्या, "गाडी आणखी किती वर्षे टिकेल ते सोडा. आपण दोघे आणखी किती वर्षे भंडारदऱ्याला जाणार, ते सांगा." त्यावर कोणाला उत्तर सुचले नाही, आणि निर्णय झाला.

नवी घ्यायची. पहिला महिना गावातच, एकट्याने चालवायची. हात-पाय बसल्यावर वहिनी मागे बसतील. जुनी मात्र एक्स्चेंजमध्ये द्यायची नाही. दुकानदाराने सांगितलेली किंमत अगदीच किरकोळ होती. पंचवीस वर्षे तिची देखभाल करणाऱ्या मिस्त्रींनी ती मागितली आणि त्यांनाच ती मिळाली. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी होणारे नोंदणीचे नूतनीकरण २०२४ मध्ये झालेले आहे, त्यामुळे २०२९ पर्यंत कागदपत्रांची चिंता नाही. नाव बदलण्याचे काम मात्र स्नेह्यांनी स्वतः जाऊन लगेच उरकले. गाडी दुसऱ्याच्या हाती आणि कागद आपल्या नावावर, असे ठेवू नये.

आपल्या घरी असा प्रश्न आला, तर एवढेच विचारावे: ही गाडी कोण, कुठे आणि कोणाला मागे बसवून चालवणार? बाकीचा हिशेब मग सोपा जातो.