गंजी मोठी केली म्हणून सुई सापडत नाही

परवा लंच टेबलवर नेहमीची चर्चा झाली. आमच्यातला एक जण (पोरगा हुशार आहे, डेटा टीममध्ये आहे) डब्यातली भेंडी संपवत म्हणाला, "अरे, लोकांचे फोन, फेसबुक, टेलिग्राम, सगळं समोर पडलंय. मिलिटरी इंटेलिजन्सवाल्यांनी त्यावर एक बरं मॉडेल चढवलं की अतिरेकी आपोआप वर येतील. आपण क्रेडिट कार्डाचे चोर पकडतोच ना?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी गप्प बसलो, कारण दोनची मीटिंग होती. आज शनिवार आहे, मीटिंग नाही, तेव्हा सांगून टाकतो: हे साफ चूक आहे. आणि टीव्हीवरच्या तज्ज्ञांनी बोललं तर एक वेळ ठीक, आपण इंजिनिअर लोकांनी हे बोलणं म्हणजे शुद्ध आळस आहे.

आधी गणित करू, शाळेतलंच. एक कोटी वस्तीचं शहर धरा. त्यात खरे गडबड करणारे १०० जण. तुमचं मॉडेल ९९ टक्के अचूक, म्हणजे प्रेझेंटेशनमध्ये टाळ्या. ते १०० पैकी ९९ जणांना पकडेल. पण उरलेल्या साध्या माणसांपैकी एक टक्का, म्हणजे जवळजवळ एक लाख लोकांनाही ते 'संशयित' म्हणेल. हातात लाखाची यादी, आणि हजारात एक खरा. आता बसा शोधत!

"हे सगळं कागदावर रे," असं कोणी म्हणेल. तर प्रत्यक्षातलं ऐका. अमेरिकेच्या एनएसएने (ही संस्था तिथल्या संरक्षण खात्यातच मोडते) पाकिस्तानातल्या साडेपाच कोटी मोबाइलधारकांच्या मेटाडेटावर असाच प्रयोग केला. प्रकल्पाचं नाव काय, तर स्कायनेट! टर्मिनेटर बघितलेल्या एकानेही हरकत घेतली नाही? असो. कोण कुठून कुठे गेला, फोन किती वेळा बंद केला, सिमकार्ड किती बदलली, यावरून अल-कायदाचे निरोपे ओळखायचे, ही कल्पना. मॉडेलला शिकवायला खात्रीचे निरोपे होते फक्त सात.

स्नोडेनने बाहेर आणलेली ही कागदपत्रं २०१५ साली छापून आली. त्यात सगळ्यात ठळक निघालेलं नाव होतं अहमद झैदान यांचं. हे तेव्हा अल जझीराचे इस्लामाबादचे ब्यूरो चीफ होते. त्यांनी ओसामा बिन लादेनचीही मुलाखत घेतलेली. आता तुम्हीच सांगा, अशा पत्रकाराचा प्रवास आणि फोन कसे दिसणार? मॉडेलने त्याला दिलेलं काम चोख केलं. ते कामच मूर्खपणाचं होतं.

बरं, त्याच कागदांत चुकीचं प्रमाण कमी करून ०.००८ टक्क्यांवर आणल्याचा आकडा आहे. ऐकायला भारी! पण साडेपाच कोटींचे ०.००८ टक्के म्हणजे ४,४०० माणसं. शिवाय एवढी काटछाट केल्यावर खऱ्यांपैकी अर्धे सुटतात ते वेगळेच. आणि मेटाडेटाच्या आधारे आम्ही माणसं मारतो, हे एनएसए आणि सीआयए या दोन्हींचे प्रमुख राहिलेल्या मायकेल हेडन यांनी २०१४ मध्ये जाहीर कार्यक्रमात सांगितलं होतं.

मी स्वतः दोन वर्षं एका बँकेसाठी फ्रॉड पकडणाऱ्या सिस्टिमवर काम केलंय. आमच्या एका नियमाने एका गृहस्थांचं कार्ड रात्री अकरा वाजता बंद केलं. ते तेव्हा परगावी हॉस्पिटलच्या काउंटरवर उभे होते, बायकोला ॲडमिट करत. त्यांची तक्रार तिकीट बनून माझ्याकडे आली. कार्ड चाळीस मिनिटांत सुरू झालं, पण ते तिकीट मी विसरलेलो नाही. आमच्या सिस्टिमला निदान एक कस्टमर केअर नंबर होता. ड्रोनला कुठला फोन लावणार?

मग सोशल मीडिया बिनकामाचा का? अजिबात नाही. १७ जुलै २०१४ ला पूर्व युक्रेनवर मलेशियाचं एमएच१७ विमान पाडलं गेलं, २९८ माणसं गेली. बेलिंगकॅटच्या मंडळींनी लोकांनी नेटवर टाकलेले फोटो आणि व्हिडिओ जमवले. मागची दुकानं, सावल्या, वाहनाच्या कडेचे चेपलेले भाग जुळवत बसले, आणि ती बुक क्षेपणास्त्राची गाडी रशियाच्या कुर्स्क इथल्या ५३व्या ब्रिगेडपर्यंत नेऊन भिडवली. २०१८ मध्ये अधिकृत आंतरराष्ट्रीय तपासही तिथेच पोचला.

फरक लक्षात येतोय? तिथे प्रश्न आधी ठरलेला होता: ही गाडी कुठून आली? उत्तर तपासून बघता येत होतं, आणि तपासत होती माणसं, डोळे फोडून. "सगळा देश चाळा आणि वाईट कोण ते सांगा" हा प्रश्नच नव्हे, ती नुसती हाव आहे.

आणि मुंबईकरांनी तर हे विसरूच नये. २६/११ ची रेकी करणाऱ्या डेव्हिड हेडलीबद्दल त्याच्या एका बायकोने २००५ मध्येच न्यूयॉर्कला तपासयंत्रणेला सांगितलं होतं. दुसरी बायको इस्लामाबादच्या अमेरिकी वकिलातीत जाऊन सांगून आली, तेव्हा हल्ल्याला वर्षही उरलं नव्हतं. हे २०१० मध्ये उघड झालं. सुई कोणीतरी हातात आणून दिली होती हो! कमी पडला तो डेटा नव्हे. ऐकून घेऊन पाठपुरावा करणारा माणूस कमी पडला. त्या माणसासमोर आणखी लाखभर नावं ओतून तो जास्त नीट ऐकेल, असं कुठल्या लॉजिकने?

"एक हल्ला थांबला तर हजार चुका माफ," हे वाक्य मला नेहमी ऐकवलं जातं. ऐकवणाऱ्याचं नाव त्या हजारात कधीच नसतं. आणि त्या हजार चुकांमागे धावणारा अधिकारी खऱ्या धाग्यावरून उठून गेलेला असतो, म्हणजे हल्लाही थांबत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी डॅशबोर्ड दाखवून देश वाचवायला निघाला, तर तीन प्रश्न विचारा. खोटे किती निघतात? ते कोण तपासतं? आणि ज्याचं नाव चुकून आलं त्याने दाद कुठे मागायची? उत्तर मिळालं नाही तर ते टूल अचूक आहे की नाही हा वादच घालू नका. ते बनवायलाच नकार द्या.

सोमवारी हे सगळं भेंडीवाल्याला सांगणार आहे. मीटिंग असली तरी.