लेबल कापडाला असते, माणसाला नव्हे

भिवंडीत शांतीनगरच्या वा पद्मानगरच्या गल्ल्यांतून जाणाऱ्याला यंत्रमागांची खडखड सोडीत नाही. येथे विणले जाते ते बहुतांशी कोरे कापड. व्यापारी त्याला 'ग्रे' म्हणतात. त्याला रंग नसतो, नक्षी नसते, नाव नसते. पुढे ते रंगायला, छापायला, शिवायला अन्यत्र जाते आणि तेथे कुणीतरी त्याच्या मानेशी एक चिमुकले लेबल टाचतो. लेबल लागताच त्याच कापडाचा भाव बदलतो. कापडाच्या बाबतीत हा व्यापार झाला. आपण माणसांच्या बाबतीतही तोच व्यवहार करू लागलो आहोत, ही आमची तक्रार आहे.

गेल्या काही वर्षांत आपल्या घरांतील शाळकरी मुलांच्या तोंडी 'छपरी' हा शब्द सर्रास ऐकू येतो. ज्याने केस सोनेरी रंगवले, तंग पँट घातली, चकचकीत शर्टाची वरची दोन बटणे उघडी टाकली, तो छपरी. त्याच्याशी एक शब्द न बोलता त्याची बुद्धी, नीती आणि घराणे यांचा निकाल लागतो. टिकटॉकवर नाचणाऱ्या खेड्यापाड्यांतील आणि वस्त्यांतील पोरांची या शब्दाने यथेच्छ टिंगल झाली. जून 2020 मध्ये टिकटॉकवर देशात बंदी आली. शब्द मात्र राहिला.

पोरांची नक्कल आजची नाही. 1995 साली 'रंगीला' आला तेव्हा पडद्यावरच्या टपोरीचे कौतुक झाले आणि नाक्यावरचा टपोरी मात्र हाकलून देण्याजोगा ठरला. 2003 साली 'तेरे नाम' आला आणि गावोगावच्या पोरांनी मधोमध भांग पाडून केस वाढवले. नटाच्या डोक्यावर जी केशरचना ठरली, तीच यंत्रमागावरच्या पोराच्या डोक्यावर उनाडपणाची खूण ठरली. गुडघ्यावर फाटलेली जीन्स मोठ्या दुकानाची पिशवी घेऊन घरात आली की आपण तिला फॅशन म्हणतो. तीच रस्त्यावरच्या ढिगातून घेतलेली असली की नाक मुरडतो. म्हणजे आपला राग कपड्यावर नसून खिशावर आहे. 'छपरी' हे वेशाचे नाव नाही. आपल्या ऐपतीबाहेरची हौस करू पाहणाऱ्या गरिबाला दिलेली ती शिवी आहे.

शिवी उच्चारणाऱ्या मुलांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. या शब्दाचे नाते अनेकजण छप्परबंद या समाजाशी जोडतात. महाराष्ट्र शासनाच्या विमुक्त जातींच्या यादीत ज्या 14 जाती आहेत, त्यांत या समाजाचे नाव आहे. 'विमुक्त' कशातून? ब्रिटिश सरकारने 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि अमुक जमातीत जन्मलेला तो जन्मतःच संशयित असे ठरवून टाकले. हा कायदा 1952 साली देशभरातून गेला. माणूस पाहताक्षणी त्याला गुन्हेगार ठरवण्याची खोड मात्र कायद्याबरोबर गेली नाही.

आणि हे आपण ख्रिस्ती लोकांनी करावे? आपल्या आयांनी आणि मावश्यांनी फ्रॉक घातला म्हणून त्यांच्याकडे कोणत्या नजरेने पाहिले जाई, हे आपण विसरलो काय? हिंदी चित्रपटांनी कितीतरी वर्षे ख्रिस्ती स्त्रीला आखूड फ्रॉक आणि ख्रिस्ती पुरुषाला दारूची बाटली दिली. 1975 सालच्या 'ज्यूली'सारख्या सहानुभूतीने काढलेल्या चित्रपटातही ख्रिस्ती बाप दारुडाच निघाला. घरी मराठीत जपमाळ म्हणणाऱ्या आपल्या माणसांना 'तुम्ही मराठी वाटत नाही' असे आजही ऐकावे लागते. ज्यांनी ही बोच सोसली, त्यांनीच ती दुसऱ्याला द्यावी, याहून मोठी विसंगती कोणती?

एका रविवारचा प्रसंग आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही. पवित्र मिस्सा सुरू झाली होती. सोनेरी केसांचा, सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा मंदिराच्या दारात आला. बाकावर जागा होती. कुणी सरकले नाही. एका बाईंनी पर्स उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली. आमच्या शेजारच्या मुलांनी तो शब्द कुजबुजला आणि ती हसली. आम्हीही सरकलो नाही. उपदेश संपेपर्यंत तो भिंतीला टेकून उभा होता. नंतर दिसला नाही.

तो रात्रपाळी करून आला होता, आजारी आईला पोसत होता, असा शेवट वाचकांना अपेक्षित असेल. तो कोण होता हे आम्हांस ठाऊक नाही, आणि ते शोधण्याची गरजही नाही. तो गुणी निघाला असता तरच आमची चूक ठरली असती काय? तो आळशी असेल, उनाडही असेल. बाकावरची जागा गुणपत्रिका पाहून द्यायची नसते.

यावर काही पालक म्हणतील, 'मग पोरांना काही बोलूच नये की काय? देवाच्या घरी यायचे तर वेश सभ्य हवा.' हवाच. आमचा त्याला विरोध नाही. पण नियम कपड्याला लावावा आणि सर्वांना सारखाच लावावा. फाटकी जीन्स चालत नसेल, तर ती पॅरिश कौन्सिलच्या सदस्याच्या मुलालाही चालू नये. 'बाळा, पुढच्या रविवारी पूर्ण पँट घालून ये' हे सांगणे शिस्त आहे; 'छपरी' म्हणणे हा निवाडा आहे. शिस्तीत पुढच्या रविवारचे आमंत्रण असते, निवाड्यात नसते.

प्रेषितीय काळातही हा रोग होता. याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात नेमके हेच चित्र रंगवले आहे: सभेत सोन्याची अंगठी आणि भपकेदार वस्त्रे ल्यालेला येतो, त्याला मानाची जागा मिळते, मळक्या कपड्यांतल्या दरिद्री माणसाला मात्र उभे राहायला किंवा पायांशी बसायला सांगितले जाते. असा भेद करणाऱ्यांना तो दुष्ट विचारांचे न्यायाधीश ठरवतो. हे पत्र आपण मंदिरात वाचतो, 'प्रभूचा शब्द' म्हणतो आणि बाकावर पर्स ठेवतो.

नुसत्या दिसण्यावरून माणूस ओळखण्याची किंमत भिवंडीइतकी कुणी मोजली असेल? 1970 आणि पुन्हा 1984 साली हे शहर दंगलींत होरपळले. टोपी, दाढी, टिळा एवढे पाहणे तेव्हा मारायला पुरेसे होते. 1988 साली येथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेले सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभारल्या. त्यांत गल्लीगल्लीतले हिंदू आणि मुसलमान, त्यांच्याबरोबर पोलीस, एकत्र बसू लागले. रस्त्याची, नळाची, भांडणाची बोलणी होऊ लागली आणि टोपीखालच्या माणसाला नाव मिळाले. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली.

शेजारी बसून बोलणे, एवढाच तो उपाय होता. तो आपल्या धर्मग्रामालाही परवडण्याजोगा आहे. आपल्या मुलांच्या तोंडून तो शब्द पुन्हा निघाला, तर त्यांना थांबवून विचारावे, 'त्याचे नाव काय?' ठाऊक नसेल, तर जाऊन विचारून यायला सांगावे. आणि पुढच्या रविवारी कुणी दारात घुटमळताना दिसला, तर आपण सरकून जागा द्यावी. आम्ही त्या दिवशी दिली नाही.